वलयांतून वाचलेली खोली

सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात तरंगणारा एक मायक्रोमीटर व्यासाचा मणी ठेवला, की तो डावीकडे-उजवीकडे किती सरकला हे कॅमेरा बरोबर सांगतो. तो वर गेला की खाली, हे मात्र सांगत नाही. मणी फोकसमधून सुटतो, धूसर होतो आणि आपला हात सवयीनं फाइन फोकसच्या नॉबकडे जातो. माझ्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट या हरवलेल्या तिसऱ्या दिशेवर होता. पुण्यातल्या एका कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत ती दिशा आम्हाला मोजता आली. ती कशी मोजली ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर आमचे सुरुवातीचे महिने सोपे गेले असते.

आमच्या मॅडमनी विषय देताना पहिलंच वाक्य सांगितलं होतं, "अगं, धूसर दिसतंय म्हणून फोकस करू नकोस. आहे तसं राहू दे, आणि दिव्याच्या जागी लेझर लाव." लेझर लावल्यावर पडद्यावर दिसलं ते असं: जिथे धूसर ठिपका होता तिथे एकात एक बसलेली गोल वलयं आली. मधलं वलय रुंद, बाहेर जावं तशी अधिकाधिक बारीक आणि एकमेकांना खेटलेली. ज्यानं एस.वाय.ला न्यूटनच्या वलयांचं प्रॅक्टिकल केलं आहे त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. सोडियमचा पिवळा दिवा, काचेवर ठेवलेलं बहिर्गोल भिंग, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, आणि व्यासाच्या वर्गाचा वलयाच्या क्रमांकाशी काढलेला सरळ रेषेचा आलेख. तिथे त्या रेषेच्या चढावरून भिंगाची वक्रता काढतात. आमच्याकडे वलयं तशीच होती, हिशोबही जवळजवळ तोच होता. फक्त त्यातून निघणारी राशी वक्रतेऐवजी मण्याची खोली होती.

यामागचं कारण सोपं आहे. लेझरचा बहुतेक प्रकाश मण्याला न भेटता सरळ वर जातो. थोडासा मण्यावर आपटून सगळीकडे विखुरतो. हे दोन्ही प्रकाश कॅमेऱ्यावर एकत्र पोचतात आणि त्यांचं व्यतिकरण होतं. विखुरलेला प्रकाश मध्यापासून जितका दूर पडतो तितका त्याला जास्त रस्ता कापावा लागतो, म्हणून कुठे दोघं जुळतात, कुठे एकमेकांना मारतात, आणि वलयं उमटतात. मणी फोकसच्या पातळीपासून जितका खोल, तितकी वलयं मोठी. वलयाच्या त्रिज्येचा वर्ग खोलीच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे खोली दुप्पट झाली की वलय साधारण १.४ पट होतं. आमचा लेझर ६३५ नॅनोमीटरचा, पाण्यात त्याची तरंगलांबी सुमारे ४७७ नॅनोमीटर. मणी २० मायक्रोमीटर खोल असेल तर वलयांची त्रिज्या चार-पाच मायक्रोमीटरपासून सुरू होते. खुद्द मण्यापेक्षा कितीतरी मोठी ही खूण असते, आणि म्हणूनच ती मोजता येते.

ही कल्पना लेझरच्याही आधीची आहे. डेनिस गाबोर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञानं १९४७ साली इंग्लंडमध्ये रग्बी इथल्या कंपनीत काम करताना ती मांडली. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारायची होती. वलयांच्या अशा नोंदीला होलोग्राम म्हणतात. पहिले होलोग्राम त्यानं पाऱ्याच्या दिव्यावर काढले. लेझर १९६० मध्ये आला आणि गाबोरला नोबेल मिळालं १९७१ मध्ये. आम्ही जी मांडणी केली ती गाबोरचीच: एकच प्रकाशझोत, एकच रस्ता, मध्ये नमुना.

एकच रस्ता, ही गोष्ट पुण्यात फार महत्त्वाची ठरली. आमच्या प्रयोगशाळेत मायकेल्सनचं इंटरफेरोमीटरही आहे. त्यात प्रकाश दोन वेगळ्या हातांनी जातो आणि परत येऊन मिळतो. बाहेरच्या रस्त्यावरून पीएमपीची बस गेली की त्यातले पट्टे थरथरतात, आणि गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी ते उपकरण वापरण्यात अर्थच उरत नाही. आमच्या मांडणीत सरळ जाणारा आणि विखुरलेला प्रकाश त्याच काचांतून, त्याच भिंगांतून बरोबर जातात. लेझर हलला तर दोघंही सारखेच हलतात. त्यामुळे ढोलांच्या आवाजातही आमची वलयं शाबूत राहायची. जुन्या पेठेतल्या, रस्त्याला लागून असलेल्या इमारतीत असा प्रयोग करणाऱ्यानं ही मांडणीच निवडावी असं मी ठामपणे सांगेन.

सामान जमवणं हे वेगळं काम होतं. सूक्ष्मदर्शक कॉलेजचाच, ४० पट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाचा. त्याखालचा आरसा आणि कंडेन्सर, म्हणजे दिव्याचा प्रकाश नमुन्यावर एकवटणारं भिंग, आम्ही काढून ठेवले. लेझर डायोड आणि त्याला लागणारी वीज नियंत्रित करणारी सर्किटची सामग्री बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत मिळाली. डायोड पकडून ठेवायला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि बारीक स्क्रू बोहरी आळीतून आणले. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे मणी मात्र मागवावे लागले. ते छोट्या बाटलीत, दुधासारख्या पांढऱ्या पाण्यात येतात. महाग असतात, पण एक थेंब वर्षभर पुरतो, कारण एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी मणी असतात. आम्ही डिस्टिल्ड वॉटर घालून ते सुमारे दहा हजारपट पातळ करायचो, तेव्हा कुठे कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये तीन-चार मणी यायचे. त्याहून जास्त असले की वलयं एकमेकांत गुंततात.

नमुन्याची पेटी घरगुतीच. स्लाइडवर डबलसाइड टेपच्या दोन पट्ट्या, वर कव्हरस्लिप, मधल्या फटीत थेंब सोडायचा आणि कडा नेलपॉलिशनं बंद करायच्या. पाण्याची जाडी साधारण १०० मायक्रोमीटर होते. कडा नीट बंद झाल्या नाहीत तर पाणी सुकत जातं आणि सगळे मणी एका दिशेला वाहू लागतात, ते लगेच दिसतं. प्रयोगशाळेतले मामा या बाबतीत आमच्यापेक्षा जाणकार होते. "ताई, पंखा बंद करा आधी, आणि नेलपॉलिश दोनदा लावा, एकदा लावून सुकू द्या," हे त्यांचं सांगणं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

लेझरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लेझरचा प्रकाश फार शिस्तीचा असतो, म्हणून नमुन्यातल्या मण्याबरोबरच ऑब्जेक्टिव्हवरची धूळ, कव्हरस्लिपवरचा डाग, कॅमेऱ्याच्या काचेवरचा कण, सगळे आपापली वलयं काढतात. पडदा वलयांनी भरून जातो. त्यावर दोन उपाय आहेत. डायोडला वीज थोडी कमी देऊन तो लेझर होण्याच्या उंबरठ्याच्या आसपास ठेवला की प्रकाशाची शिस्त ढिली पडते. लांबच्या धुळीची वलयं पुसट होतात, जवळच्या मण्यांची टिकतात. दुसरा उपाय गणिताचा. धूळ जागची हलत नाही, मणी हलतात. बऱ्याच फ्रेम घेऊन प्रत्येक पिक्सेलची मध्यक किंमत, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी, काढली की फक्त धुळीचं चित्र उरतं. मग प्रत्येक फ्रेमला त्या चित्रानं भागायचं. भागल्यावर जी स्वच्छ राखाडी पार्श्वभूमी आणि तिच्यावर तीन-चार रेखीव वलयचक्रं येतात, ती पाहताना मला अजूनही आनंद होतो. इथे वजाबाकी चालत नाही, भागाकारच हवा, कारण सगळा प्रश्न मूळ प्रकाशाच्या तुलनेत किती फरक पडला याचा आहे.

कॅमेऱ्याचे सगळे आपोआप चालणारे उपकार बंद करावे लागतात: ऑटो एक्स्पोजर, गॅमा, धार वाढवणं, जेपीईजीचं आकुंचन. यातलं काहीही चालू राहिलं तर वलयांची चमक खोटी होते. एक्स्पोजर एक मिलिसेकंदाच्या आसपास ठेवायचं. सेकंदाला ३० फ्रेम घेताना पूर्ण वेळ शटर उघडं ठेवलं तर तेवढ्यात मणी ०.१८ मायक्रोमीटरच्या आसपास सरकतो आणि बाहेरची बारीक वलयं पुसली जातात. खोलीची सगळ्यात नेमकी माहिती त्याच बारीक वलयांत असते.

आता मापन. आडव्या दिशेसाठी स्टेज मायक्रोमीटर असतो, एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काच. खोलीसाठी काही तयार मिळत नाही. आम्ही पाण्यात थोडं मीठ घातलं. मिठामुळे मणी आणि काच यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण झाकलं जातं आणि मणी काचेला घट्ट चिकटतात. अशा चिकटलेल्या मण्यासाठी फाइन फोकसचा नॉब एकेक घर फिरवत वलयं नोंदवायची. यात एक गोम आहे: हवेतलं ऑब्जेक्टिव्ह एक मायक्रोमीटर खाली आणलं तर पाण्यातली फोकसची पातळी सुमारे १.३३ मायक्रोमीटर खाली जाते, पाण्याच्या अपवर्तनांकाइतक्या पटीनं (पाण्यात प्रकाशाचा वेग जितक्या पटीनं कमी होतो तो आकडा). हा गुणक लावल्यावर त्रिज्येच्या वर्गाचा आणि खोलीचा आलेख सरळ रेषेत बसला. तोच आलेख, एस.वाय.च्या जर्नलमधला.

पण नुसत्या वलयांच्या त्रिज्येवर थांबायचं नव्हतं. एका मण्याच्या चित्रात हजारो पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेल काहीतरी सांगतो. गोल मण्यावरून प्रकाश नेमका कसा विखुरतो याचं गणित लुडविग लॉरेन्झनं १८९० मध्ये आणि गुस्ताव मी यानं १९०८ मध्ये स्वतंत्रपणे सोडवलं आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड ग्रिअर यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं, की होलोग्रामच्या चित्रावर हे गणित बसवलं तर मण्याचे तिन्ही निर्देशांक, त्याची त्रिज्या आणि अपवर्तनांक हे सगळं एकाच चित्रातून काढता येतं. त्यासाठी पायथनमध्ये होलोपाय नावाची मोफत प्रणाली आहे. आम्ही तीच वापरली. आधी अंदाजे किमती द्यायच्या, मग संगणक अंदाजातून बनणारं चित्र आणि खरं चित्र यांतला फरक कमी करत जातो. माझ्या लॅपटॉपवर हे सावकाश चालायचं. संध्याकाळी लावून सकाळी बघायचं.

अशा जुळवणीचा विचार पुण्याला नवा नाही. आयुका या इथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरुत्वलहरी शोधण्यासाठी गणितानं आधी संकेताचा साचा तयार करून तो गोंगाटात जुळवून पाहण्याच्या पद्धतीवर पायाभूत काम केलं. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतल्या इंटरफेरोमीटरचे चार-चार किलोमीटर लांबीचे हात आणि आमची शंभर मायक्रोमीटरची पेटी यांचं प्रमाण काहीच जुळत नाही. तरी दोन्हीकडे काम तेच आहे: प्रकाशाचं व्यतिकरण नोंदवायचं, आणि नोंद कशामुळे अशी झाली असेल त्याचं गणित तिच्यावर बसवून पाहायचं. हे लक्षात आल्यावर मला आमच्या कामाबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटू लागला.

चिकटलेल्या मण्याची जागा पुन्हा पुन्हा काढून किती पसरते ते पाहिलं. आमच्या ऑब्जेक्टिव्हला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे ०.६ मायक्रोमीटर अंतर लागतं. मण्याची जागा मात्र आडव्या दिशेत काही दहा नॅनोमीटरपर्यंत आणि खोलीत त्याच्या काही पट इतपत ठरत होती. यात विरोध नाही. दोन वस्तू वेगळ्या ओळखणं हा एक प्रश्न, आणि एकटीच वस्तू आहे हे माहीत असताना तिचा मध्य ठरवणं हा दुसरा.

यानंतर खरा प्रयोग सुरू झाला. पाण्यातले कण अस्वस्थपणे हलतात हे रॉबर्ट ब्राउननं १८२७ मध्ये पाहिलं होतं. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं त्या हालचालीचा आणि रेणूंच्या उष्णतेचा हिशोब मांडला. त्यानुसार २५ अंशाला एक मायक्रोमीटरचा मणी एका सेकंदात कोणत्याही एका दिशेत सरासरी एक मायक्रोमीटरच्या आसपास भरकटतो. आम्ही आधी दोन मायक्रोमीटरचे मणी घेतले, कारण ते बुडताना दिसतात. पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा थोडंसंच जड, घनता १.०५, त्यामुळे तो मणी सेकंदाला फक्त ०.१३ मायक्रोमीटर खाली जातो. पहिल्या काही सेकंदांच्या नोंदीत बुडणं दिसतच नाही. मणी वर जातो, खाली येतो, परत वर जातो. भरकटणं वेळेच्या वर्गमुळानं वाढतं आणि बुडणं वेळेच्या सरळ प्रमाणात, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या आसपास दोन्ही सारखी होतात आणि पुढे बुडणं जिंकतं. आमचा फोकस पेटीच्या वरच्या काचेशी लावलेला होता, म्हणून मणी बुडताना वलयं मोठी होत जायची. आडव्या दिशांच्या आलेखात असा कल काहीच नाही, आणि खोलीच्या आलेखात ती सावकाश उतरणारी रेषा. तीन दिशांपैकी एकीला पृथ्वीची ओढ आहे, हे मला त्या आलेखात पहिल्यांदा इतकं उघड दिसलं.

तळाजवळ मणी मंदावतो. काचेपासून दहा मायक्रोमीटरवर असताना दोन मायक्रोमीटरच्या मण्याची उभी हालचाल सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते, आडवी सुमारे ६ टक्क्यांनी, कारण मण्याला बाजूला सारायचं पाणी काचेमुळे मोकळेपणानं सरकत नाही. हा फरक नोंदीत दिसला तेव्हा मॅडमनी वही मागून घेतली आणि आलेखाखाली सही केली. तेवढ्यानं आमची प्रोजेक्टची जोडी आठवडाभर खुशीत होती.

मला सगळ्यात प्रिय भाग त्यानंतरचा. एक मायक्रोमीटरच्या मण्यांची पेटी रात्रभर न हलवता ठेवली की ते सगळे तळाशी जाऊन बसत नाहीत. उष्णता त्यांना वर उडवत राहते, गुरुत्व खाली ओढत राहतं, आणि तळाजवळ दाट, वर विरळ असा थर बनतो. हवेचं आवरण पृथ्वीभोवती असंच आहे. फ्रान्समध्ये झां पेरँनं १९०८ पासून गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे बारीक गोळे घेऊन हेच मोजलं. त्याच्या एका मालिकेत दर ३० मायक्रोमीटर उंचीला गोळ्यांची संख्या साधारण निम्मी होत होती. त्यावरून त्यानं अ‍ॅव्होगॅड्रोची संख्या, म्हणजे एका मोलमध्ये किती रेणू असतात ते, काढली, रेणू खरे आहेत हे शंका घेणाऱ्यांनाही पटलं, आणि १९२६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पेरँला प्रत्येक उंचीवर फोकस लावून, डोळ्यानं, पुन्हा पुन्हा मोजावं लागलं होतं. वलयांमुळे आमच्या एकाच फ्रेममध्ये सगळ्या उंचीवरचे मणी आपापली उंची घेऊन हजर होते.

आमच्या मण्यांसाठी संख्या निम्मी व्हायला साडेदहा मायक्रोमीटरच्या आसपास उंची लागायला हवी. फोकस तळापासून ६० मायक्रोमीटर वर लावला, म्हणजे जवळजवळ सगळे मणी त्याच्या खाली राहतात. हे गरजेचं आहे, कारण फोकसच्या वरचा मणी आणि तेवढाच खालचा मणी यांची वलयं जवळपास सारखी दिसतात आणि गोंधळ होतो. उंचीनुसार संख्येचा लॉगरिथम काढून रेषा आखली. तिच्या उतारावरून तापमानाची रेणूंच्या ऊर्जेशी सांगड घालणारा बोल्ट्झमनचा स्थिरांक निघतो. पण त्यात मण्याच्या त्रिज्येचा घन येतो: त्रिज्येत ३ टक्के चूक म्हणजे उत्तरात ९ टक्के. बाटलीवर छापलेल्या व्यासावर विसंबून हे करता आलं नसतं. प्रत्येक मण्याची त्रिज्या त्याच्याच वलयांतून काढलेली होती, म्हणून उत्तर मान्य किमतीच्या दहा टक्क्यांच्या आत आलं. भरकटण्याच्या नोंदीवरून काढलेली किंमतही तिथेच आली. दोन वेगळ्या वाटांनी एकच संख्या आली, हे मला त्या संख्येच्या अचूकतेपेक्षा मोठं वाटतं. तापमान मात्र स्लाइडला टेकवलेल्या थर्मामीटरवर वाचायला हवं; पुण्यात मार्चपासून दुपारी प्रयोगशाळा भराभर तापते आणि पाण्याचा चिकटपणा दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी घटतो.

शेवटी, मणी संपत आले म्हणून, आम्ही दूध घेतलं. पिशवीतल्या दुधाचा थेंब खूप पातळ करून तसाच पेटीत भरला. स्निग्धाचे थेंब पाण्यापेक्षा हलके, म्हणून त्यांची वलयं उलट वागतात: मिनिटामिनिटाला आक्रसत जातात, कारण थेंब वर, फोकसकडे येत असतात. गणित बसवलं तर अपवर्तनांक पॉलिस्टायरीनच्या १.५९ च्या खूप खाली, १.४६ च्या आसपास येतो, म्हणजे हा थेंब स्निग्धाचाच आहे हे वलयांवरूनच ठरतं. थेंब लहानमोठे असतात आणि प्रत्येकाचा वर येण्याचा वेग वेगळा. मोठे आधी, छोटे मागून, आणि अगदी बारीक थेंब तर भरकटण्यातच अडकलेले. वेगवेगळ्या दुधांची, होमोजिनाइज केलेल्या (म्हणजे स्निग्धाचे थेंब फोडून बारीक केलेल्या) आणि न केलेल्या, अशी तुलना करायचं काम पुढच्या बॅचच्या दोघी करणार आहेत. सूक्ष्मदर्शक, कोड आणि भागाकाराला लागणारी धुळीची चित्रं आम्ही त्यांच्याकडे दिली आहेत. नेलपॉलिशची नवी बाटली मामांनी कपाटात ठेवली आहे.